पालकांची पत्रं : गेममधला माइक कोणासाठी चालू?

या महिन्यात आलेल्या पत्रांत गेम खेळताना माइकवर बोलणाऱ्या लहान मुलांबद्दलची पत्रं बरीच होती. सारख्या प्रश्नांना इथे एकत्र उत्तर दिलं आहे. पत्रलेखकांची नावं त्यांच्या सांगण्यावरून गाळली आहेत. फोनवर आणि गेममध्ये पर्यायांची नावं बहुधा इंग्रजीतच दिसतात, म्हणून शोधायला सोपं जावं यासाठी ती तशीच ठेवली आहेत.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा आहे. माझ्याच फोनवर बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा टीम करून खेळायचा गोळीबाराचा गेम) खेळतो. मी सेटिंगमध्ये जाऊन गेमची मायक्रोफोनची परवानगी काढून टाकली. तरी परवा फोनमधून कोणीतरी आईबहिणीवरून शिव्या देत असल्याचं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मग मी नक्की बंद काय केलं?
— एक वडील, सांगली

तुम्ही मुलाचा आवाज बाहेर जायचा थांबवलात. बाहेरच्यांचा आवाज घरात येणं चालूच राहिलं. फोनमधली मायक्रोफोनची परवानगी फक्त बोलण्यापुरती असते. ऐकवण्यासाठी ॲपला वेगळी परवानगी लागत नाही, त्यामुळे ते गेमच्या आतूनच बंद करावं लागतं.

सामना चालू असताना छोट्या नकाशाजवळ दोन चिन्हं असतात, एक स्पीकरचं आणि एक माइकचं. दोन्ही स्वतंत्र चालतात. कुठल्याही एकावर बोट टेकवलं की ऑल, टीम आणि ऑफ असे पर्याय उघडतात. ‘टीम’ म्हणजे आपले चौघे. ‘ऑल’मध्ये जवळपास असलेले विरुद्ध बाजूचे खेळाडूही आले. तुमच्या मुलासाठी दोन्ही चिन्हं ऑफवर असायला हवीत. गेमच्या सेटिंगमध्ये ऑडिओ म्हणून भाग आहे, तिथेही व्हॉइसचे पर्याय तपासा. गेमचा मोठा अपडेट आला किंवा ॲप काढून पुन्हा टाकलं की हे सगळं पुन्हा बघायचं, कारण पर्याय मूळ जागी गेलेले असू शकतात.

फोनच्या बाजूने तुम्ही केलंत तेही राहू द्या : सेटिंग्ज, ॲप्स, गेमचं नाव, परमिशन्स, मायक्रोफोन, डोन्ट अलाउ. अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये दोनदा नकार दिला की तो गेम परवानगी पुन्हा विचारत नाही. पण मुलाला सेटिंगमध्ये जाता येत असेल, तर तो तिथून परवानगी परत देऊ शकतो. मुलाचं स्वतःचं गूगल खातं असेल आणि ते फॅमिली लिंकला (गूगलच्या पालकांसाठीच्या ॲपला) जोडलेलं असेल, तर ॲपच्या परवानग्या पालकाच्या फोनवरून ठरवता येतात.

आता करून बघायची गोष्ट. सेटिंग केलं म्हणजे आवाज बंद झालाच, असं धरून चालू नका. दुसऱ्या फोनवर गेम उघडा, मुलाच्या खात्याला टीममध्ये घ्या, ट्रेनिंग ग्राउंडमध्ये जा आणि दोन फोन दोन खोल्यांत ठेवा. मुलाच्या फोनजवळ मोठ्याने बोला, मग तुमच्या फोनवरून बोला. दोन्हीकडे शांतता असेल तरच काम झालं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते केल्यावरच बऱ्याच घरांत कळतं की लॉबीतला, म्हणजे सामन्याआधीच्या पडद्यावरचा माइक चालूच राहिला होता.

अनोळखी भिडू मुळात येऊच द्यायचे नसतील, तर मोड निवडताना टीममधल्या रिकाम्या जागा आपोआप भरण्याचा पर्याय बंद करा. मग मुलगा एकटा किंवा तुम्ही बोलावलेल्या मित्रांसोबतच उतरेल. समोर पूर्ण टीम आली तर हरेल, कुरकुर करेल. ती सोसायची. ‘शत्रू पुढे आहे’, ‘मला मदत हवी’ असे तयार निरोप गेममध्ये असतातच, खेळापुरतं त्यांवर भागतं.

आणखी एक. खातं तुमच्या जन्मतारखेवर असेल, तर गेमच्या लेखी खेळाडू प्रौढ आहे. अठराखालच्या खेळाडूसाठी बीजीएमआयमध्ये ओटीपीने पालकाची नोंदणी आणि दिवसाला ३ तासांची मर्यादा ठेवलेली आहे, ती मोठ्यांच्या खात्याला लागत नाही. वय खरं घातलं की गेम स्वतःहून थोडं आवरतो. बाकी आमचं स्पष्ट मत विचाराल, तर नऊ वर्षांच्या मुलासाठी हा गेम लवकरच आहे. पण चुलतभावापासून वर्गातल्या बाकापर्यंत सगळे तोच खेळत असताना निव्वळ ‘नाही’ म्हटलं की मूल शेजारच्या फोनवर खेळतं, आणि तिथे दोन्ही चिन्हं ‘ऑल’वर असतात.

प्रश्न : गेममध्ये ऐकलेल्या शिव्या आता माझ्या मुलाच्याही तोंडात बसल्या आहेत. अर्थ कळत नाही, पण हरला की हिंदीतून सुरू होतो.
— एक आई, बीड

स्पीकरचं चिन्ह ऑफ करा, वर सांगितलं आहे तसं. नवी भर थांबली की जुनं दोन-तीन आठवड्यांत विरायला लागतं. अर्थ माहीत नसेल तर तो एकदा शांतपणे, त्याच्या वयाला झेपेल एवढा सांगा. ‘कोणाच्या तरी आईबद्दल घाण बोलणं’ एवढं पुरे. फटका दिलात तर तो घरात बोलणार नाही, मैदानावर बोलेल.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची आहे, टॅबवर रोब्लॉक्स खेळते. आता गेम म्हणतो चॅट हवं असेल तर चेहरा दाखवून वय तपासा. ती रडायला लागली म्हणून तिच्या बाबांनी स्वतःचा चेहरा दाखवून टाकला. काही बिघडलं का?
— एक आई, नाशिक

बिघडलं, पण दुरुस्त होतं. जानेवारी २०२६ पासून रोब्लॉक्सने चॅटसाठी वयाची तपासणी सगळीकडे लागू केली. कॅमेऱ्यासमोर चेहरा फिरवायला सांगून वयाचा अंदाज घेतात आणि खेळाडूला वयोगटात टाकतात : नऊच्या आतले, ९ ते १२, १३ ते १५ असे. कोणी कोणाशी बोलायचं हे त्या गटावर ठरतं. बाबांनी चेहरा दाखवला तेव्हा सात वर्षांच्या मुलीचं खातं प्रौढांच्या गटात गेलं. म्हणजे तिच्या वयाच्या मैत्रिणींशी चॅट जमणार नाही आणि मोठ्यांशी मात्र जमेल. हवं त्याच्या नेमकं उलट झालं.

आता बाबांनी किंवा तुम्ही रोब्लॉक्सवर पालक म्हणून स्वतःचं वेगळं खातं काढा. त्यासाठी ओळखपत्र किंवा क्रेडिट कार्ड दाखवून तुम्ही प्रौढ असल्याची खात्री द्यावी लागते. ते खातं मुलीच्या खात्याला जोडा आणि पेरेंटल कंट्रोल्समधून तिचं वय दुरुस्त करा. वय बरोबर झालं की नऊच्या आतल्या मुलांसाठी चॅट आपोआप बंद असतं. पालकांनी मुद्दाम परवानगी दिली तरच उघडतं. ती परवानगी देऊ नका.

व्हॉइस चॅट, म्हणजे माइकवरचं बोलणं, रोब्लॉक्समध्ये १३ वर्षांखालच्यांना नाहीच. त्यामुळे सात वर्षांच्या मुलीच्या टॅबवर माइकचं चिन्ह दिसत असेल, तर खात्यातलं वय चुकलं आहे हे समजण्याची ती सोपी खूण.

पेरेंटल कंट्रोल्समध्ये गेलाच आहात, तर कुठल्या दर्जाचे खेळ दिसावेत तेही ठरवा. मिनिमल आणि माइल्ड एवढेच ठेवा. आणि तिचं खेळातलं नाव बघा. नावात जन्मसाल, गाव किंवा शाळेचं संक्षिप्त रूप असेल तर बदला. चॅट बंद असलं तरी नाव सगळ्यांना दिसतं.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलासाठी पीएस फाइव्ह (प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडायचा गेमचा कन्सोल) घेतला. हेडफोनचा माइक काढून टाकला, तरी पलीकडची मुलं त्याला विचारतात, ‘तुझी मम्मी ओरडतेय का?’ हे कसं?
— एक वडील, पुणे

पीएस फाइव्हच्या कंट्रोलरमध्येच माइक आहे. हेडफोन काढा किंवा घाला, कंट्रोलर हातात असेल तोवर एक माइक खोलीत आहे. कंट्रोलरच्या मधोमध खाली छोटं बटण आहे. ते एकदा दाबलं की नारिंगी दिवा लागतो, म्हणजे माइक बंद. दिवा नसेल तर माइक चालू. हे उलटं वाटतं आणि लहान मुलं हमखास फसतात, म्हणून मुलाच्या तोंडून म्हणवून घ्या : ‘नारिंगी म्हणजे बंद.’ शिवाय सेटिंग्ज, साउंड, मायक्रोफोन इथे लॉगिन करताना माइक बंदच असावा असा पर्याय आहे, तो निवडा.

मोबाइलवरही असाच एक गैरसमज आहे. कानात घालायच्या साध्या तीन पट्ट्यांच्या पिनच्या हेडफोनला माइक नसतो, म्हणून ‘आता आवाज जात नाही’ असं वाटतं. पण तेव्हा फोन स्वतःचा माइक वापरतो. चार पट्ट्यांची पिन असेल तर हेडफोनचा माइक. आवाज कुठला तरी जातोच.

आता तुमच्या पत्रातल्या मम्मीकडे येऊ. पालक विचार करतात मुलाने काय बोलू नये याचा. पण चालू माइक घर ऐकतो. संध्याकाळी साडेसातला दिवाणखान्यात काय काय बोललं जातं ते आठवा : ‘अमुक शाळेच्या व्हॅनवाल्या काकांना फोन कर’, ‘शनिवारी आपण सगळे गावाला चाललोय, शेजारच्यांकडे किल्ली ठेव’, ‘ओटीपी आला का? सांग, चार, सात...’, आणि वर आईने मुलाला पूर्ण नावाने मारलेली हाक. मुलाने एक अक्षर न बोलता पलीकडच्याला त्याचं नाव, शाळा, घर कधी रिकामं आणि बँकेचा ओटीपी मिळाला. म्हणून कन्सोल दिवाणखान्यात असावा हा सल्ला बरोबर आहे, पण त्याला पुढचं वाक्य जोडायला हवं : दिवाणखान्यात खेळताना माइक एरवी बंद, बोलायचं तेव्हाच चालू.

कन्सोलच्या कुलपाबद्दल. मुलासाठी तुमच्या खात्याखाली चाइल्ड अकाउंट काढा. मग सेटिंग्ज, फॅमिली अँड पेरेंटल कंट्रोल्स, मुलाचं नाव, आणि कम्युनिकेशन अँड यूजर-जनरेटेड कंटेंट हा पर्याय रिस्ट्रिक्टवर. याने प्लेस्टेशनचं चॅट बंद होतं. पण फोर्टनाइटसारख्या गेमची बोलण्याची यंत्रणा स्वतःची असते, तिथलं वेगळं बघावं लागतं. फोर्टनाइटच्या पेरेंटल कंट्रोल्सला सहा आकडी पिन लावा. तिथे व्हॉइस चॅटला एव्हरीबडी, फ्रेंड्स अँड टीममेट्स, फ्रेंड्स ओन्ली आणि नोबडी अशा पायऱ्या आहेत. आठ वर्षांच्या मुलाला नोबडी. पुढे कधीतरी फ्रेंड्स ओन्ली, तेही फ्रेंड्सच्या यादीतलं प्रत्येक नाव तुम्ही चेहऱ्याने ओळखत असाल तर.

ही पायऱ्यांची सोय सहज आलेली नाही. मुलांनाही व्हॉइस चॅट सुरुवातीपासून चालू दिल्याचा ठपका ठेवून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२२ मध्ये फोर्टनाइटच्या कंपनीविरुद्ध कारवाई केली. मुलांच्या खासगीपणाच्या त्या प्रकरणात कंपनीने साडेसत्तावीस कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. त्यानंतर अल्पवयीन मुलांसाठी हे चॅट आधी बंद आणि परवानगीने चालू, असा क्रम आला.

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची आहे. फ्री फायर मॅक्समध्ये तिचा एक ‘मित्र’ झाला. सातवीत आहे म्हणतो. माइकवर रोज बोलतात. त्याने तिला एक वस्तू भेट दिली, मग व्हॉट्सॲप नंबर मागितला आणि ‘आईला सांगू नको, ती गेम काढून टाकेल’ असं म्हणाला. तिने मला स्वतःहून सांगितलं, पण नंबर देऊन झाला होता. मी काय करू? पोलिसांत जाऊ का?
— एक आई, लातूर

आधी तिला सांगा, तू मला सांगितलंस ते चांगलं केलंस. आणि आज गेम काढू नका. त्या माणसाने तिला सांगून ठेवलं आहे की आईला कळलं तर गेम जाईल. तुम्ही तेच केलंत तर त्याचं म्हणणं खरं ठरलं, पुढच्या वेळी ती सांगणार नाही. माइक आणि स्पीकर ऑफ करून गेम तसाच राहू द्या.

तो सातवीतला मुलगा असेलही. आवाजावरून ते ठरवता येत नाही. आवाज बदलून देणारी ॲप सहज मिळतात, प्रौढ माणूस मुलासारखा किंवा मुलीसारखा बोलू शकतो. म्हणून वयाकडे न बघता क्रमाकडे बघा : रोज बोलणं, भेट, गेमबाहेर यायचं बोलावणं, आणि घरच्यांपासून लपवायला सांगणं. पहिल्या दोन गोष्टी मुलांमध्ये नेहमी होतात. तिसरी आली की सावध व्हायचं. चौथी आली की त्या माणसाशी संबंध तिथेच संपवायचा, मग तो बारा वर्षांचा का असेना.

ब्लॉक करण्याची घाई करू नका. त्याआधी त्याच्या प्रोफाइलवर जा आणि नावाशेजारी किंवा खाली असलेला लांबलचक आकडा लिहून घ्या. तो त्याचा आयडी. नाव बदलता येतं, आकडा खात्यासोबत राहतो. प्रोफाइल, लेखी चॅट, भेटवस्तूची नोंद आणि व्हॉट्सॲपवर काही आलं असेल तर ते, या सगळ्यांचे स्क्रीनशॉट घ्या. मग गेममध्ये रिपोर्ट करा आणि त्यानंतर ब्लॉक. व्हॉट्सॲपवरचा त्याचा नंबरही टिपून ठेवा, मग ब्लॉक करा.

माइकवरच्या बोलण्याची मोबाइलवर सहसा काही खूण उरत नाही, हीच त्यातली अडचण. (कन्सोलवर थोडी सोय आहे. पीएस फाइव्ह शेवटच्या पाच मिनिटांतलं बोलणं धरून ठेवतो आणि त्यातला छोटा तुकडा तक्रारीसोबत पाठवता येतो.) म्हणून तिला आठवतं ते आजच कागदावर लिहून काढा, तिच्याच शब्दांत, तारीख आणि वेळ घालून. ‘त्याने असं म्हटलं का, तसं म्हटलं का’ असं विचारू नका. ‘मग काय झालं?’ एवढंच विचारा. मुलांना शब्द पुरवले की ती होकार देतात आणि पुढे तो कागद कामाचा राहत नाही.

नंबर गेलाच आहे, तर तो ज्या फोनवर आहे तिथल्या व्हॉट्सॲपमध्ये प्रायव्हसी उघडा. प्रोफाइल फोटो ‘माय कॉन्टॅक्ट्स’पुरता ठेवा, ग्रुपमध्ये कोण घालू शकतं तेही ‘माय कॉन्टॅक्ट्स’, आणि कॉल्समध्ये ‘सायलेन्स अननोन कॉलर्स’ चालू करा. व्हॉट्सॲपची स्वतःची अट १३ वर्षांची आहे, त्यामुळे हा फोन तुमचा असेल असं धरतो. तिचा असेल तर व्हॉट्सॲप काढायला हे कारण पुरेसं आहे.

पोलिसांचं विचारलंत. एवढ्यावर तक्रार करावी की नाही हे तुम्ही ठरवा. पण त्याने अंगाबद्दल काही विचारलं असेल, फोटो मागितला किंवा पाठवला असेल, किंवा ब्लॉक केल्यावर दुसऱ्या नंबरवरून पुन्हापुन्हा मागे लागला असेल, तर थांबू नका. पॉक्सो कायदा २०१२, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, त्यामध्ये फोन-इंटरनेटवरून होणारा असा त्रासही लैंगिक छळात धरलेला आहे. तक्रार जवळच्या ठाण्यात करता येते. याच कायद्यात असंही आहे की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि अधिकारी गणवेशात नसावा. ठाण्यात बाकावर बसवून ठेवू लागले तर ही तरतूद नम्रपणे पण नाव घेऊन सांगा. १०९८ हा मुलांसाठीचा मदतक्रमांक आहे. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर महिला आणि मुलांवरच्या गुन्ह्यांसाठी वेगळा भाग आहे.

फोटोच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मुलाचा तसा फोटो पुरावा म्हणूनसुद्धा भावाला, मैत्रिणीला, सोसायटीच्या ग्रुपवर पाठवायचा नाही. तो पुढे पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हाच आहे. ज्या फोनवर आहे तो फोन पोलिसांना दाखवायचा. फोटो पसरण्याची भीती असेल तर अमेरिकेतल्या एनसीएमईसी या संस्थेची ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा भारतातूनही वापरता येते. तिथे फोटो पाठवावा लागत नाही, तुमच्या फोनवरच त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी समाजमाध्यमं त्यावरून फोटो शोधून काढून टाकतात.

आणि भेट डायमंडच्या (गेममधल्या चलनाच्या) नावाने आली, बदल्यात ओटीपी मागितला आणि खात्यातून पैसे गेले, असं काही झालं तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकाला फोन. तासाभरात केला तर पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊ, असं करू नका.

प्रश्न : नातू शाळेतून आमच्याकडे येतो, सहापर्यंत थांबतो. माझ्याच फोनवर खेळतो आणि एकटाच बडबडतो. मला त्यातलं काही कळत नाही. गेम उघडून बघायला सांगू नका.
— एक आजी, कोल्हापूर

नाही सांगत, आजी. गेम न उघडताही कळतं. तुमच्या फोनच्या पडद्यावर उजव्या वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसला, म्हणजे या क्षणी माइक किंवा कॅमेरा चालू आहे. फोन फार जुना असेल, अँड्रॉइड १२ च्या आधीचा, तर तो दिसणार नाही. आयफोनवर माइकसाठी नारिंगी ठिपका असतो. पडद्यावर वरून खाली बोट ओढलं की वाय-फाय, टॉर्च वगैरेची बटणं येतात, त्यांत ‘माइक ॲक्सेस’ असं बटण बहुतेक नव्या फोनवर असतं. मुलाकडून किंवा सुनेकडून ते पुढच्या ओळीत आणून घ्या. नातवाला फोन देताना ते बंद, परत घेतलात की चालू. बंद असताना कुठल्याच ॲपला त्याचा आवाज मिळत नाही. फोन आला आणि तुमचं बोलणं पलीकडे जाईना, तर आधी हेच बटण बघायचं.

ऐकू काय येतं त्याकडेही कान असू द्या. त्यासाठी एकच नियम : आजीकडे हेडफोन नाही. स्पीकरवर आवाज असला की स्वयंपाकघरातूनही कळतं, पलीकडे आठ-दहा वर्षांची पोरं गलका करताहेत की एकच मोठा आवाज सावकाश प्रश्न विचारतोय. गलका असेल तर चहा घ्या. एकटा आवाज ‘तू कुठे राहतोस’, ‘घरी कोण आहे’ असं विचारत असेल, तर जाऊन शेजारी बसा आणि मोठ्याने म्हणा, ‘कोण रे बाळा?’ बहुतेक वेळा तिथेच संपतं.

फोनवर यूपीआय असेल तर त्याचा पिन नातवाला माहीत नसावा, हे वेगळं सांगायला नको. पण माहीत असतो, असा अनुभव आहे.

प्रश्न : आमची दोन मुलं (८ आणि ११) ठाण्यात, भावाची मुलं न्यू जर्सीत. चौघांना माइनक्राफ्ट खेळताना एकमेकांशी बोलायचं आहे. मोठा म्हणतो डिस्कॉर्ड (ग्रुप करून बोलायचं ॲप) घे.
— एक आई, ठाणे

ज्यांना मुलं चेहऱ्याने, आवाजाने, नात्याने ओळखतात अशा चौघांचं बोलणं. लहान मुलांनी व्हॉइस चॅट शिकावं तर इथेच. फक्त डिस्कॉर्ड नको. त्याची अट किमान १३ वर्षांची आहे आणि तिथे एका ग्रुपमधून दुसऱ्यात शिरणं फार सोपं आहे.

फोन-टॅबवर चालणाऱ्या माइनक्राफ्टमध्ये बोलायची सोय मुळात नाही, फक्त लेखी चॅट आहे. हे तुमच्या पथ्यावर पडतं. खेळ टॅबवर चालू द्या, आणि शेजारी आई-बाबांच्या फोनवर व्हॉट्सॲपचा ग्रुप कॉल स्पीकरवर. एकाच फोनवर कॉल आणि खेळ दोन्ही केलं, तर माइक दोघांपैकी एकालाच मिळतो आणि खेळाचा आवाजही बारीक होतो, म्हणून उपकरणं दोन हवीत. फोन टॅबपासून दोन-तीन हात लांब, उशीवर ठेवा. जवळ ठेवलात तर खेळाचा आवाज कॉलमध्ये शिरून पलीकडे घुमतो आणि मग सगळेच ओरडायला लागतात.

मुलांचं मायक्रोसॉफ्ट खातं फॅमिली ग्रुपमध्ये असेल तर मल्टिप्लेअरची, म्हणजे इतरांसोबत ऑनलाइन खेळण्याची, परवानगी पालकाला द्यावी लागते, ती एक्सबॉक्सच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये मिळेल. खेळायचं जग एकाने बनवून बाकीच्यांना मित्रयादीतून बोलवायचं, किंवा रेल्म, म्हणजे माइनक्राफ्टचं खासगी ऑनलाइन जग घ्यायचं, ज्यात निमंत्रितांशिवाय कोणी येत नाही. सार्वजनिक सर्व्हर नको. वेळ : ठाण्यात संध्याकाळचे सात म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. शनिवार-रविवारच जमेल.

या कॉलवरच मुलांना सवयी लावून घ्या. बोलून झालं की म्यूट. खोलीत कोणी मोठं बोलायला लागलं की म्यूट. कोणी नवीन आलं तर आधी विचारायचं, कोण आहे? आणि बोलणं नकोसं झालं तर कारण न देता ‘मी निघतोय’ म्हणून कॉल तोडायचा. हा शेवटचा प्रकार मुद्दाम खेळून घ्या : तुम्ही पलीकडून ‘थांब ना, दोन मिनिटं’ म्हणा, आणि तरी त्याने तोडायला हवं. मोठ्यांचं बोलणं अर्धवट तोडणं म्हणजे उद्धटपणा, असं आपणच मुलांना शिकवलेलं असतं. इथे तेवढी सूट द्या.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलासाठी कुठला हेडफोन घ्यावा? ब्लूटूथवर माइक चालू केला की खेळाचा आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा होतो.
— एक वडील, मडगाव

हेडफोन बिघडलेला नाही. बहुतेक ब्लूटूथ हेडफोन माइक चालू झाला की गाण्याच्या पद्धतीवरून फोन-कॉलच्या पद्धतीवर येतात, तिथे आवाजाचा दर्जा कमी असतो. तो अचानक तसा झाला, म्हणजे माइक चालू झाला, हे तुम्हालाही बसल्या जागी कळेल. वायरचा हेडफोन घेतला तर हा प्रश्न येत नाही.

पण सहा वर्षांच्या मुलाला माइक लागत नाही, त्यामुळे माइक नसलेला, आवाजाला मर्यादा असलेला वायरचा हेडफोन घ्या, आणि फोनमधून गेमची माइकची परवानगी काढायला विसरू नका. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी ७५ डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी सुरक्षित मर्यादा सांगितली आहे. आवाज जेवढा वाढेल तेवढे तास झपाट्याने कमी होतात. घरी मोजायला यंत्र नसतं, म्हणून साधी खूण : हेडफोन घातलेल्या मुलाला हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात हाक मारा. त्याने मान वळवली नाही तर आवाज दोन घरं कमी करा.